शटर वाजत होतं

९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. "महिनाभर सगळे इकडे या, हवापालट होईल" हे ऐकून आईंनी लगेच पिशवी भरायला घेतली. मग मलाच त्यांना थांबवावं लागलं. आम्हाला इथून हलता येत नाही, वन्सं. पूरग्रस्तांच्या पक्क्या घरांची यादी अजून अंतिम झालेली नाही आणि पडताळणीवाले न सांगता येतात. खोलीला कुलूप दिसलं की नावावर रेघ. मागच्या ओळीतला न्हावी सासऱ्याच्या आजारपणात चार दिवस गावाला गेला, तेवढ्यात त्याचं नाव उडालं. पाच वर्षं थांबला होता बिचारा.

फोन करत नाहीस म्हणून रागावलात. अहो, इथं दोन खोल्यांमध्ये नुसता पत्रा आहे. मी शिंकले तर तिसऱ्या खोलीतून कुणीतरी विचारतं, "सर्दी झाली का गं?" शेजारच्या बाईंना आम्ही रेडिओच म्हणतो. फोनवर तुम्हाला काही सांगितलं की संध्याकाळच्या बातम्यांत ते सगळ्या वसाहतीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. अंड्यांच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते, खोक्यावर वही ठेवून. तुमची पत्रंही शेडच्याच पत्त्यावर येऊ द्या.

आई बऱ्या आहेत. ठमी पंधराची झाली, माझ्यापेक्षा उंच. झोपेत दात खाते. दाढा म्हातारीसारख्या झिजल्यात असं दाताचे डॉक्टर म्हणाले. अजून पायात बूट घालूनच झोपते. मी काढले की उठून परत घालते.

माझं म्हणाल तर हात थरथरतो. शेडमध्ये अंडं दिव्यासमोर धरून तडा बघायचा असतो. हल्ली तडा नसलेली अंडीच माझ्या हातात फुटतात. डॉक्टर म्हणाले, "ताण आहे. ताण घेऊ नका." मी म्हटलं, "मी कुठं घेते डॉक्टर, तो घरपोच येतो."

आणि तुमचं शेंडेफळ? हे रोज सकाळी दाढी करून पुनर्वसन कार्यालयाचा नोटीस बोर्ड वाचायला जातात. काल काय लिहिलं होतं ते यांना पाठ असतं, तरी जातात. वर्कशॉप काढून लेथ पुन्हा लावायची ती घर मिळाल्यावरच, असं म्हणतात. पाच वर्षं हेच म्हणतात.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रागच आला. राग तुझ्यावर नाही गं, बाबूवर. सगळ्या गावात त्याच्यासारखा टर्नर नव्हता. आबा लोकांना सांगायचे, "माझा बाबू केसाचाही व्यास मोजून देईल." आणि तो पाच वर्षं बोर्ड वाचतोय! पाणी आलं ते सगळ्यांवरच आलं. मीही माझा बाप गमावला. ते दुपारच्या झोपेत गेले, त्यांना कळलंही नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं आणि चौथ्या आठवड्यात लाँड्रीत इस्त्रीवर उभी राहिले. रडायला माणसाला वेळ असावा लागतो.

आता ऐक. आमच्या लाँड्रीच्या मशिनांचे भाग जिथं होतात त्या वर्कशॉपच्या मालकाला हुशार टर्नर हवाय. मी बाबूचं नाव सांगून ठेवलंय. पडताळणीसाठी तुम्ही तिघी आहातच की. त्याला एकट्याला पाठव. माझी पुढची खोली हे गेल्यापासून रिकामीच आहे. महिनाभर काम करून बघू दे. हातात एकदा मशीन आलं की माणूस ताळ्यावर येईल, माझं लिहून घे.

तो नाही म्हणाला तर सांग, ताईनं हुकूम केलाय.

तुझी नणंद


१४ मार्च

वन्सं,

हे परत आले. सोमवारी गेले आणि गुरुवारी दुपारी दारात उभे. म्हणाले, जागा आधीच भरली होती. त्याला कोण काय करणार! तुम्ही मालकापुढे शब्द टाकलात, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटून घेऊ नका.

तुमच्याकडे खूप झोप लागली असं म्हणाले. इथं त्यांना झोप येत नाही. मला वाटलं होतं, निदान थोडे उत्साहात येतील. आल्यापासून कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, बोर्डही वाचायला जात नाहीत. आई त्यांच्यासमोर चहा ठेवतात, निवला की उचलून नेतात. दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे भांडण नाही हो, नुसतं बोलणं नाही.

ठमीची एक गंमत सांगते. शाळेत 'माझे घर' असा निबंध होता. हिनं कोरा कागद दिला. बाई म्हणाल्या, "काहीतरी लिही." तर म्हणाली, "बाई, यादी अंतिम झाली की लिहिते." बाई हसल्या म्हणे. मलाही हसू आलं, नंतर नाही आलं.

तुमची भावजय


२२ मार्च

धाकटीस,

जागा भरली होती? असं म्हणाला तो?

मी स्वतः त्याला वर्कशॉपच्या दारापर्यंत सोडून आले होते. बुधवारी मालकानं मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. बाबूनं मशीन बघितलं, हात फिरवला, खुशीत होता. लोखंडाचा तुकडा मशीनच्या चकमध्ये बांधला, घट्ट केला, मशीन सुरू केलं. टूल लोखंडाला लागून कट सुरू झाला, आवाज आला तसा हा थिजला. मालक म्हणाला, "बाई, मला वाटलं शॉक बसला." मग यानं मशीन बंद केलं, हात धुतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला. मला संध्याकाळी म्हणाला, "मालकाशी जमणार नाही." मी खूप बोलले त्याला. आळशी म्हणाले, बायकोच्या जिवावर बसलायस म्हणाले. आबा असते तर त्यांना लाज वाटली असती, असंही म्हणाले. सकाळी उठून बघते तर पिशवीसकट नाही.

माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय. तू फार गोड पत्रं लिहितेस, पण मी मूर्ख नाही. काय आहे ते सरळ लिही. मी त्या घरची मोठी मुलगी आहे.

तुझी नणंद


३ एप्रिल

वन्सं,

दहा दिवस तुमचं पत्र पिशवीत घेऊन फिरते आहे. दोन माणसांना मी दोन वचनं दिलीत, आज दोन्ही मोडते. माझ्याच्यानं आता पेलत नाही.

आबा झोपेत गेले नाहीत. ते घरातच नव्हते.

वरचा बंधारा फुटला त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा आम्ही चौघं घरी होतो. हे वर्कशॉपमध्ये, खाली नदीकडच्या गल्लीत. मी म्हटलं, मी पळत जाऊन यांना घेऊन येते. आई म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन शाळेच्या टेकडीवर हो, बाबूला हे आणतील." आणि आबांना म्हणाल्या, "जा हो, त्याला सांगा आई बोलावतेय, म्हणजे लगेच येईल." आबा चपला घालून गेले. मी त्यांना वळणापर्यंत जाताना पाहिलं.

पुढचं यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, भर दुपारी, पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभे असताना. गिऱ्हाइकांचा त्रास नको म्हणून त्या दिवशी शटर आतून ओढून काम करत होते. लेथ चालू होती. शटर वाजत होतं, पण यांना वाटलं कुणीतरी गिऱ्हाईक घाई करतंय. मशीनच्या आवाजात कोण आहे ते कळलं नाही. मग वीज गेली, मशीन थांबलं आणि पाण्याचा आवाज आला. शटर उघडायला गेले तर बाहेरून पाण्याचा दाब, उचलेना. लोखंडी मांडणीवर चढून छताशी बसले म्हणून वाचले. आबा चौथ्या दिवशी पुलाखाली सापडले. हे मला म्हणाले, "आईला सांगू नकोस, ती मरेल."

आणि आई. त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर. "मीच पाठवलं गं त्यांना. बाबूला कळू देऊ नकोस, आपल्यासाठी बाप गेला हे त्याला सोसवणार नाही." दुपारी घरी झोपेतच गेले, आम्हाला उठवायलाही पोचता आलं नाही, ही गोष्टही आईंचीच. तुमचे रस्ते बंद होते, तुम्ही आठ दिवसांनी पोचलात, तोवर सगळ्यांची ती पाठ झाली होती. आईंना वाटतं, मुलगा वर्कशॉपमधून आधीच निघाला होता आणि बापलेकांची वाटेत चुकामूक झाली. यांना वाटतं, आबा आपल्या मनानं आले होते.

दहा बाय बाराची खोली आहे वन्सं. मधे माझी पथारी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हे. दोघंही दुसऱ्याला जपतात आणि दोघांचंही मी जपते.

तुम्ही रागावाल. रागवा. पण यांना आळशी म्हणू नका.

तुमची भावजय


२८ जून

धाकटीस,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे. आधी तुमच्या तिघांचा राग आला. पाच वर्षं मी शेजारणींना सांगत फिरले, आमचे आबा पुण्यवान, झोपेत गेले. मग वाटलं, तुम्ही तरी काय करणार होता.

नंतर विचार केला आणि मन स्वच्छ झालं. यात बाबूचा दोष काय? त्या वर्कशॉपमध्ये मी डबा घेऊन जायचे. लेथ चालू असली की स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. जे ऐकूच आलं नाही त्याची शिक्षा माणूस स्वतःला किती वर्षं देणार? म्हणून मी त्यालाच पत्र लिहिलं, वेगळं, त्याच्या नावानं, खोलीच्या पत्त्यावर. सगळं लिहिलं. मला कळलंय, मी तुला मोकळं केलं, आबांनीही केलं असतं. त्यांना आईनंच पाठवलं होतं हेही लिहिलं, म्हणजे ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहणार नाही. तुझ्यावर रागावू नये असंही बजावलंय.

गळू कापल्याशिवाय बरं होत नाही गं. चार दिवस दुखेल. मग बघ तो कसा उठून उभा राहतो.

तुझी नणंद


२ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र यांना मिळालं. खोलीच्या दारात उभं राहून वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मला म्हणाले, "सांगितलंस." प्रश्न नव्हता तो. त्यानंतर माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. तुमचा हेतू चांगला होता, हे मी रोज स्वतःला सांगते. पण वन्सं, त्या खोलीत हे ज्या एका माणसाशी बोलायचे ते माणूस मी होते. तेवढंच होतं त्यांच्याकडे.

आता बातमी. यादी अंतिम झाली. आपल्याला घर मिळालं! वरच्या माळावर, तीन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला पाणी. रेडिओबाई आमच्याच रांगेत आल्यात, पण भिंती विटांच्या आहेत. सोळा ऑगस्टला किल्ली दिली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मी किल्ली हातात घेतली आणि काहीच वाटलं नाही. खरंच काही नाही. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं आणि मी विचार करत होते, उद्या शेडमध्ये कुणाची पाळी आहे.

हे आले नाहीत. वसाहत मोडायचं काम निघालंय, एकेक ओळ उतरवतात. त्या टोळीत यांनी नाव घातलं. पाना-पक्कड हातात घेतलीच शेवटी, खोल्यांचे बोल्ट काढायला. आमच्याच जुन्या खोलीत राहतात. "ही ओळ शेवटी मोडणार आहेत, तोवर राहतो," म्हणाले. मी ठमीकडून डबा पाठवते. बाप-लेक बोलत नाहीत, डबा बदलतात.

आई दिवसभर नव्या घराच्या पायरीवर बसून खालच्या रस्त्याकडे बघतात. जेवण निम्म्यावर आलंय. आई बऱ्या आहेत असं मी दर पत्रात लिहीत आले, ते खरं नव्हतं.

ठमी नव्या घरातही बूट घालून झोपते.

तुमची भावजय


१९ ऑक्टोबर

वन्सं,

दिवाणखान्याला पडदे आणते, महिनाअखेर स्वतः येते, असं तुम्ही कळवलंत. येण्याआधी हे वाचा.

मंगळवारी शेवटची ओळ उतरली. दुपारी हे वर आले, हातात पिशवी. दारात थांबून म्हणाले, "आत येऊ का?" मी म्हटलं, "तुमचंच घर आहे." बसले, पाणी प्याले. मी चहा टाकला. वाटलं, आता सुरुवात होईल कशीतरी.

आई पायरीवरून उठून आत आल्या, यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. बहुतेक महिनोन्‌महिने मनात घोळवत असाव्यात, एका दमात म्हणाल्या, "बाबू, तुला एक सांगायचंय. आबांना मीच पाठवलं होतं तुला बोलवायला. माझ्यामुळं गेले ते. मी तुझी गुन्हेगार आहे."

हे म्हणाले, "माहीत आहे मला."

"हिनं सांगितलं?"

"नाही. ताईनं लिहिलं. पण मला आधीपासून माहीत होतं. आबाच म्हणाले."

मी म्हटलं, "आबा कधी म्हणाले?"

"शटरच्या बाहेरून. बाबू, चल, आई बोलावतेय, असं म्हणाले. दोनदा म्हणाले. मी मशीनचा वेग कमी केला होता, स्वच्छ ऐकू आलं." मग फरशीकडे बघत म्हणाले, "मी ओरडून सांगितलं, आबा, थांबा, एवढा कट होऊ द्या. ते बरं म्हणाले. मी पुन्हा वेग वाढवला."

माझ्या मागं चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"पाणी येतंय म्हणाले नाहीत?" आईंनी विचारलं.

"नाही, तसं म्हणाले नाहीत. त्यांनाही माहीत नसेल एवढ्यात येईल म्हणून. सात मिनिटांचा कट होता, आई. मी थांबा म्हटलं म्हणून ते थांबले."

वन्सं, मला यांनी टँकरच्या रांगेत सांगितलं तेही खरं नव्हतं. मलाही त्यांनी निम्मंच सांगितलं होतं, आणि त्या निम्म्यावर मी इतकी वर्षं यांची समजूत घालत होते. "तुम्हाला ऐकू आलं नाही, तुमचा काय दोष" असं म्हणायचे मी. तुम्हीही तेच लिहिलंत. आम्ही असं म्हटलं की यांना काय होत असेल?

मी वाट बघत होते, की आई यांच्या डोक्यावर हात ठेवतील. आई आहेत, ठेवतील. त्या भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ते उभे होते." आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून यांच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. हे घरातच आहेत. उठतात, आंघोळ करतात, बसतात. ठमी दाराआडून सगळं ऐकत होती. तिला मी अजून काही विचारलेलं नाही.

तुम्ही या, वन्सं. तुम्ही मोठ्या आहात. त्या दोघांना माझं काही ऐकू येत नाही.

तुमची भावजय


६ नोव्हेंबर

धाकटीस,

तिकीट काढलं होतं. पडदेही घेतले होते. तिकीट परत केलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मी बाबूला मोकळं केलं असं ऐटीत लिहिलं होतं ना? ते ज्याला ऐकू आलं नाही त्या बाबूला केलं होतं. याला करता येत नाही मला. मी रोज प्रयत्न करते. कामावर इस्त्री फिरवताना मनात म्हणते, त्याला तरी काय कल्पना, सात मिनिटांचं काम, कुणीही म्हणालं असतं थांबा म्हणून. मीही म्हणाले असते. हे सगळं पटतं. आणि लगेच आबा दिसतात, बरं म्हणून शटरला पाठ लावून उभे असलेले. त्यांना कुणी थांब म्हटलं की ते थांबायचेच. तुला माहीत आहे.

मी आले तर तो माझ्या तोंडाकडे बघेल आणि त्याला कळेल. म्हणून येत नाही. त्याला सांग, ताईची तब्येत बरी नाही. मी असं लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस. आईलाही नाही. तुझ्यावर आणखी एक टाकते आहे, मला समजतंय, पण माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

ठमीला मात्र पाठव. पुढच्या खोलीत कॉट मांडून ठेवली आहे. इथल्या शाळेत विचारलंय, मधूनही प्रवेश देतात. ती बूट घालून झोपली तरी मी काही म्हणणार नाही. बसमध्ये पुढच्या सीटवर बसव आणि गाडी कितीची आहे ते कळव, मी स्टँडवर येऊन उभी राहीन.

तुझी नणंद